कापलेली नस पुन्हा वाढते का? चेतातंतूंची वाढ ठरवणारी एन्झाइम

मनगटाला काच लागली, टाके पडले, जखम पंधरा दिवसांत भरली. पण बोटे अजून बधिर आहेत. मोटारसायकलवरून पडताना खांदा ओढला गेला आणि आता हात कोपरात वाकत नाही. मधुमेह दहा वर्षे जुना आहे, तळपायांना मुंग्या येतात आणि चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. आजार तीन वेगवेगळे, पण तिघांचेही नातेवाईक शेवटी एकच विचारतात: "डॉक्टर, नस वाढायची एखादी गोळी नाही का?"

सरळ उत्तर असे, की हातापायाची तुटलेली नस वाढवणारी सिद्ध झालेली गोळी आज उपलब्ध नाही. या उत्तराने बहुतेकांचे समाधान होत नाही, आणि ते बरोबरच आहे. कारण नसा वाढवणारा पदार्थ शास्त्रज्ञांना सत्तर वर्षांपासून ठाऊक आहे. तो पेशीच्या आत कोणकोणत्या एन्झाइमांमार्फत काम करतो, हेही बरेचसे कळले आहे. मग औषध का झाले नाही? हे समजून घेतले, की शल्यचिकित्सक नस जोडण्याची घाई का करतात, आम्ही साखरेचा धोशा का लावतो आणि 'नसांच्या ताकदीच्या' महागड्या गोळ्यांकडून किती अपेक्षा ठेवावी, हे तुमचे तुम्हाला ठरवता येईल.

नस कापली म्हणजे नेमके काय होते?

आपण बोलताना रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि संवेदना वाहून नेणाऱ्या तंतूंनाही. या लेखात नस म्हणजे दुसरी, चेतातंतूंची. विजेच्या जाड केबलमध्ये अनेक बारीक तारा असाव्यात, तसे एका नसेत हजारो चेतातंतू असतात. प्रत्येक तंतू ही एका चेतापेशीची लांबच लांब शेपटी असते. पेशीचे मुख्य अंग पाठीच्या कण्यात किंवा त्याला लागून, आणि शेपटी थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. उंच माणसात ही शेपटी मीटरभर भरते. डोळ्याला न दिसणाऱ्या पेशीला एवढ्या लांबीचा संसार सांभाळायचा असतो. नसांचे बहुतेक आजार पायांच्या बोटांपासून सुरू होतात, त्याचे एक कारण हेच.

तंतू तुटला की तुटीच्या पलीकडचा भाग मरतो. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे दाखवले होते. त्यानंतर दीर्घकाळ समज असा होता, की पेशीपासून तुटल्यामुळे तो भाग उपासमारीने आपोआप संपतो. अलीकडच्या संशोधनाने चित्र बदलले. तंतूच्या आत सार्म-१ नावाचे एक एन्झाइम झोपलेले असते. तंतू तुटला की ते जागे होते आणि ऊर्जेसाठी लागणारा एनएडी हा रेणू झपाट्याने फस्त करते. म्हणजे तुटलेला भाग नुसता वाळत नाही, तो आतूनच मोडून काढला जातो. उंदरांमध्ये हे एन्झाइम काढून टाकल्यावर कापलेले तंतू कित्येक दिवस शाबूत राहतात. त्याला अडवणाऱ्या औषधांवर सध्या काम सुरू आहे.

पलीकडचा भाग मेला तरी पेशी सहसा जिवंत असते. तंतूभोवती आवरण धरून असलेल्या श्वान पेशीही जिवंत असतात. त्या आधी मोडतोड साफ करतात, मग एकामागे एक रांगेत उभ्या राहून नव्या तंतूसाठी वाट तयार करतात. तुटलेल्या टोकाला कोंब फुटतो आणि तो या वाटेने पुढे सरकू लागतो. वेग साधारण दिवसाला एक मिलिमीटर.

हा आकडा लक्षात ठेवा. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत साधारण १८ सेंटिमीटर अंतर असते, म्हणजे १८० दिवस. शिवाय सुरुवातीचे काही आठवडे कोंब फुटण्यात आणि जोडावरून पलीकडे जाण्यात जातात. तेव्हा मनगटाची नस जोडल्यावर सात-आठ महिन्यांआधी बोटाच्या टोकाला संवेदना आली नाही म्हणून ऑपरेशन फसले, असे समजू नये. मानेजवळची नस तुटली असेल, तर तळहातापर्यंत ७० सेंटिमीटर, म्हणजे दोन वर्षे. इथे खरी अडचण सुरू होते. नस पोहोचण्याची वाट पाहत स्नायू अनिश्चित काळ थांबत नाही. साधारण १२ ते १८ महिने नसेशिवाय राहिलेला स्नायू सुकतो, त्याच्या जागी चरबी आणि तंतुमय ऊती येते. मग नस पोहोचली तरी हालचाल परतत नाही. नस आणि स्नायू यांच्यात ही शर्यत असते, आणि शल्यचिकित्सकांची घाई तिच्यामुळेच.

वाढीचा हुकूम पेशीच्या आत कसा पोहोचतो?

एन्झाइम म्हटले की आपल्याला पचन आठवते. पण शरीरातली असंख्य एन्झाइम अन्नाला हातही लावत नाहीत. ती पेशीच्या आत निरोप पोहोचवतात. त्यांतला सर्वांत मोठा गट म्हणजे कायनेज. माणसात अशी पाचशेहून अधिक एन्झाइम आहेत. प्रत्येकाचे काम वरकरणी किरकोळ: एटीपी या ऊर्जेच्या रेणूवरचा एक फॉस्फेट उचलायचा आणि दुसऱ्या एखाद्या प्रथिनावर चिकटवायचा. फॉस्फेट लागला की त्या प्रथिनाचा आकार बदलतो. ते सुरू होते किंवा बंद पडते. तो फॉस्फेट काढून टाकणारी एन्झाइमही असतात, त्यांना फॉस्फटेज म्हणतात.

शेताला पाणी देताना दारे धरणारा माणूस पाहिला असेल तर हे चटकन कळेल. पाटाला पाणी तेच, पण कोणत्या सरीचे दार उघडायचे आणि कोणते मातीने बुजवायचे, यावर कोणते पीक भिजणार हे ठरते. कायनेज आणि फॉस्फटेज मिळून पेशीत हेच करत असतात, फक्त क्षणाक्षणाला आणि हजारो दारांवर एकाच वेळी. उदाहरणात एक उणीव आहे: फॉस्फेट लावल्यावर दार उघडतेच असे नाही, काही दारे त्यानेच बंद होतात. पुढे एका एन्झाइमाच्या बाबतीत ते येईल.

हुकूम येतो बाहेरून. तो शोधला रीटा लेव्ही-मोंताल्चिनी या इटालियन डॉक्टर बाईंनी. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे ज्यू म्हणून विद्यापीठाची दारे बंद झाल्यावर त्यांनी तुरिनमधल्या घरी, झोपायच्या खोलीत, कोंबडीच्या अंड्यांवर प्रयोग चालू ठेवले. युद्धानंतर त्या अमेरिकेत सेंट लुइसला गेल्या. उंदराच्या एका विशिष्ट गाठीचा तुकडा चेतापेशींच्या गोळ्याजवळ ठेवला, की काही तासांत चहूबाजूंनी तंतू फुटून प्रभावळीसारखे दिसतात, हे त्यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले. गाठीतून काहीतरी स्रवत होते. स्टॅन्ली कोहेन यांनी ते वेगळे केले आणि गंमत म्हणजे सापाच्या विषात व नर उंदराच्या लाळग्रंथीत ते भरपूर सापडले. त्याचे नाव नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, संक्षेपाने एनजीएफ. दोघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एनजीएफ स्वतः पेशीत शिरून काही करत नाही. तंतूच्या पृष्ठभागावर ट्रक-ए नावाचे ग्राहक प्रथिन असते. त्याचा बाहेरचा भाग एनजीएफला धरतो आणि आतला भाग स्वतःच एक कायनेज असतो. एनजीएफ बसला की दोन ट्रक-ए जवळ येतात आणि एकमेकांवर फॉस्फेट लावतात. झाले, दार उघडले. तिथून निरोप अनेक पाटांनी वाहतो. एका पाटावरचे अ‍ॅक्ट हे कायनेज पेशीला 'जिवंत राहा' असे सांगते. पेशीत आत्मनाशाची जी यंत्रणा असते तिला ते रोखून धरते. दुसऱ्या पाटावरचे एर्क केंद्रकापर्यंत जाऊन वाढीसाठी लागणारी जनुके चालू करते. तंतूच्या अगदी टोकाला जीएसके-३ हे कायनेज असते. तंतूचा आतला सांगाडा सूक्ष्म नळ्यांचा बनतो आणि जीएसके-३ त्या नळ्या बांधणाऱ्या प्रथिनांना ढिले ठेवते. अ‍ॅक्टने जीएसके-३ वर फॉस्फेट लावला की जीएसके-३ मंदावते, नळ्या घट्ट जुळतात आणि टोक पुढे सरकते. बंद होणारे दार म्हणालो, ते हे.

मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतो तो निरोपाचा प्रवास. पायाच्या अंगठ्याजवळ एनजीएफ मिळाला, पण जनुके तर कंबरेजवळच्या पेशीच्या केंद्रकात आहेत. म्हणून ट्रक-ए आणि एनजीएफ यांची जोडी एका सूक्ष्म पिशवीत बसून, चालू अवस्थेतच, तंतूच्या आतून उलटी वर नेली जाते. मीटरभर प्रवासाला काही दिवस लागतात. मधुमेहात ही आतली वाहतूकच मंदावते. टोकाला निरोप मिळाला तरी तो वर पोहोचत नाही.

हे ग्राहक नसेल तर काय होते, याचे उत्तर निसर्गानेच देऊन ठेवले आहे. ट्रक-ए बनवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष असेल, तर वेदना वाहणारे तंतू जन्माआधीच नष्ट होतात. अशा मुलांना वेदना कळत नाहीत आणि घामही येत नाही. ऐकायला हे वरदान वाटेल. प्रत्यक्षात ही मुले स्वतःची जीभ चावतात, मोडलेल्या हाडावर चालतात आणि साध्या तापात शरीर थंड न होता गंभीर होतात. आजार अत्यंत दुर्मीळ आहे, पण नात्यात लग्न झालेल्या कुटुंबांत त्याची शक्यता वाढते.

मग पाठीच्या कण्यातली नस का वाढत नाही?

मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णाचे घरचे लोक हे हमखास विचारतात. हाताची नस वाढते, मग कण्यातली का नाही?

एकेकाळी उत्तर होते, की मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या पेशींना वाढताच येत नाही. १९८० च्या सुमारास माँट्रियलमध्ये अल्बर्ट अग्वायो यांच्या गटाने उंदरांच्या मज्जारज्जूला पायाच्या नसेचा तुकडा पुलासारखा जोडला, आणि 'न वाढणारे' ते तंतू पुलातून सेंटिमीटरच्या हिशेबात वाढले. पेशीत कुवत होती, आजूबाजूची परिस्थिती तिला अडवत होती.

अडवणारी कारणे दोन बाजूंची आहेत. बाहेरून, मेंदू-मज्जारज्जूतल्या तंतूंच्या आवरणात नोगोसारखी प्रथिने असतात आणि इजेच्या जागी घट्ट व्रण तयार होतो. ही दोन्ही वाढणाऱ्या टोकाला 'थांब' म्हणतात. तो हुकूम आत रो आणि तिच्यामागचे रो-कायनेज हे एन्झाइम अमलात आणते. टोक आकसते, मागे सरते. आतून, मोठ्या माणसाच्या चेतापेशीत पीटेन नावाचे फॉस्फटेज अ‍ॅक्टचा पाट बुजवून ठेवते. २००८ मध्ये उंदरांच्या डोळ्याच्या चेतापेशींतून पीटेनचे जनुक काढल्यावर चिरडलेल्या दृष्टिनाडीचे तंतू पुन्हा वाढले. दोन वर्षांनी मज्जारज्जूतही तसेच दिसले.

बातम्यांमध्ये अशा वेळी 'अर्धांगवायूवर इलाज सापडला' असे छापून येते. पण पीटेन शरीरात कशासाठी आहे हे पाहा. ते पेशींना बेसुमार वाढू देत नाही. माणसाच्या अनेक कर्करोगांत नेमके हेच जनुक बिघडलेले असते. ते बंद करणारी गोळी नसेबरोबर आणखी काय काय वाढवेल, याची कल्पना करा. रोला अडवणारे एक औषध ऑपरेशनच्या वेळी मानेच्या मज्जारज्जूवर लावून पाहिले गेले. फायदा दिसण्याची शक्यता नाही म्हणून २०१८ मध्ये ती चाचणी थांबवली गेली. रो-कायनेजला रोखणारी औषधे मात्र वापरात आहेत, फक्त वेगळ्या कामासाठी: जपानमध्ये फॅसुडिल हे मेंदूतील रक्तस्रावानंतर आकसणाऱ्या रक्तवाहिन्यांसाठी, आणि काचबिंदूत डोळ्याचा दाब कमी करण्यासाठी नेटारसुडिलचे थेंब. त्यांनी माणसाची तुटलेली नस वाढते असे सिद्ध झालेले नाही. तेव्हा मज्जारज्जूच्या इजेवर खात्रीचा इलाज म्हणून कुणी लाखांची इंजेक्शने सुचवली, तर सही करण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत नक्की घ्या. जमीन विकून आलेली कुटुंबे आम्ही पाहतो.

एनजीएफच टोचून का देत नाहीत?

दिले गेले आहे. मधुमेहामुळे नसा खराब झालेल्या एक हजाराहून अधिक रुग्णांना ४८ आठवडे एनजीएफची इंजेक्शने किंवा नुसते द्रावण देऊन केलेल्या मोठ्या चाचणीचा निकाल २००० साली प्रसिद्ध झाला. छोट्या चाचण्यांत आशा दिसली होती. मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. इंजेक्शनच्या जागी दुखत मात्र असे. कारण जो ट्रक-ए वेदनेच्या तंतूंना वाढवतो, तोच मोठेपणी त्यांना हळवेही करतो. सूज आलेल्या जागी एनजीएफ वाढतो, म्हणून ती जागा नुसत्या स्पर्शानेही दुखते.

मग उलटा विचार झाला: एनजीएफ अडवला तर गुडघेदुखी थांबेल का? टॅनेझुमॅब या प्रतिपिंडाने संधिवाताच्या वेदना खरोखर कमी झाल्या. पण काही रुग्णांचे सांधे फार वेगाने झिजले. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने प्रतिकूल मत दिले आणि कंपनीने ते औषध सोडून दिले.

आणखी एक धागा कर्करोगाचा. ट्रक हे जनुक प्रथम सापडले ते चेतापेशीत नव्हे, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगात, १९८६ मध्ये. तिथे ते दुसऱ्या जनुकाला चुकीचे जोडले गेले होते आणि त्याचे कायनेज कायमचे चालू राहिले होते. एनजीएफचे ग्राहक हेच, हे १९९१ मध्ये उमगले. आज अशा जोडलेल्या ट्रक जनुकाच्या गाठींवर त्याचे कायनेज बंद करणारे लारोट्रेक्टिनिब दिले जाते. अमेरिकेत त्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. या औषधाने चक्कर आणि चालताना तोल जाणे असे दुष्परिणाम काहींना होतात. चेतापेशींनाही तोच पाट लागतो, हे लक्षात घेता त्यात नवल नाही.

एनजीएफ औषध म्हणून यशस्वी झाला तो एका छोट्या जागी, डोळ्याच्या बुबुळात. बुबुळाची नस निकामी होऊन तिथे न भरणारी जखम होते, त्यावर एनजीएफचे थेंब, सेनेगर्मिन, २०१७ मध्ये युरोपात आणि २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. औषध जिथे हवे तिथेच राहते, उरलेल्या शरीरात फारसे पोहोचत नाही, म्हणून ते जमले. माझ्या मते पुढची औषधेही याच वाटेने येतील: संपूर्ण शरीराला देण्याची नव्हे, तर इजेच्या जागी, ठरावीक दिवसांपुरती.

मधुमेहात काय उपयोगी पडते?

इन्सुलिनचे ग्राहकही ट्रक-ए सारखेच कायनेज असते, आणि त्याच्या मागचा पाट अ‍ॅक्टचाच. चेतापेशीला साखर आत घेण्यासाठी इन्सुलिनची गरज फारशी नसते. पण तंतूच्या डागडुजीसाठी इन्सुलिनचा निरोप तिला लागतो. मधुमेहात एकीकडे जास्तीच्या साखरेने तंतूला त्रास होतो आणि दुसरीकडे हा निरोप क्षीण होतो.

टाइप १ मधुमेहात साखर काटेकोर ठेवल्याने नसांची इजा सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाली, हे अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासाने १९९३ मध्ये दाखवले. टाइप २ मध्ये फायदा इतका ठळक नाही. तिथे वजन, रक्तदाब, चरबी, तंबाखू या सगळ्यांकडे बघावे लागते. आणि गेलेली संवेदना परत आणण्यापेक्षा असलेली टिकवणे कितीतरी सोपे असते. म्हणून पाय सुन्न होण्याआधी वर्षातून एकदा पायांची तपासणी.

आता गोळ्यांविषयी. 'नसांची गोळी' म्हणून जी पाने औषधांच्या दुकानात मिळतात, त्यांत बहुधा मिथिलकोबालामिन म्हणजे बी-१२, अल्फा लिपोइक अ‍ॅसिड, बी-६, आणि पुष्कळदा प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन असते. शेवटची दोन वेदना कमी करतात, नस वाढवत नाहीत. झोप येते, तोल जातो, म्हणून वयस्क माणसाने रात्री उठताना सांभाळावे आणि गोळी एकदम बंद करू नये. बी-१२ कमी असेल तर ते दिलेच पाहिजे, आणि आपल्याकडे ते कमी असणारे खूप आहेत: शाकाहारी मंडळी, वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे, वयस्क. पण रक्तातले बी-१२ पुरेसे असताना आणखी घेऊन तंतू वेगाने वाढतील, अशी अपेक्षा ठेवू नका. बी-६ तर मोठ्या मात्रेत महिनोन्महिने घेतले तर त्यानेच नसा खराब होतात. दोन वेगळ्या डॉक्टरांच्या दोन गोळ्यांत तेच घटक असतात, असे अनेकदा घडते. पुढच्या भेटीला सगळी पाने बरोबर आणा.

घरच्यांनी कशाकडे लक्ष द्यावे?

कापल्याच्या जखमेनंतर त्या हाताचे किंवा पायाचे एखादे बोट बधिर असेल, वाकत नसेल किंवा सरळ होत नसेल, तर नुसते टाके घालून घरी जाऊ नका. "नस तपासली का?" असे स्पष्ट विचारा. स्वच्छ कापलेली नस पहिल्या काही दिवसांत जोडणे सर्वांत चांगले. दोन्ही टोके तेव्हा सापडतात आणि ताण न देता जुळतात. उशीर झाला तर टोके आकसतात आणि मधे दुसरीकडची नस घालावी लागते.

ओढल्यामुळे किंवा दाबामुळे झालेल्या इजेत गोष्ट वेगळी. तंतू तुटलेला नसेल, फक्त त्याचे काम बंद पडले असेल, तर काही आठवड्यांत ते आपोआप सुरू होते. म्हणून तिथे थोडे थांबून पाहतात. नसांची विद्युत तपासणी साधारण तीन आठवड्यांनी करतात, कारण तुटीपलीकडचा भाग मोडायला तेवढे दिवस लागतात. आधी केली तर चित्र फसवे येते. तीन महिन्यांत काहीच सुधारणा नसेल, तर हाताच्या किंवा नसांच्या शल्यचिकित्सकाकडे जायलाच हवे. सहा महिने मालिशीत घालवून आलेल्या रुग्णाच्या हातातले पर्याय कमी झालेले असतात. मानेजवळच्या इजेत कधी कधी शेजारच्या चांगल्या नसेचा थोडा भाग सुटा करून थेट स्नायूजवळ जोडतात. मिलिमीटरचा हिशेब आठवला तर त्यामागचे कारण लगेच कळेल: अंतरच कमी केले जाते.

प्रगती घरी कळू शकते. नसेच्या मार्गावर बोटाने हलके टकटक केल्यावर जिथे मुंग्या किंवा झिणझिण्या येतात, तिथपर्यंत कोवळे तंतू पोहोचलेले असतात. ही खूण दर महिन्याला साधारण दोन-तीन सेंटिमीटर पुढे सरकायला हवी. डॉक्टरांकडून जागा समजून घ्या आणि वहीत तारीख लिहून ठेवा. या काळात विजेसारख्या चमका येतात, रुग्ण घाबरतो. बहुतेक वेळा त्या वाढणाऱ्या तंतूंच्याच असतात. खूण दोन-तीन महिने एकाच जागी अडून राहिली, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा.

नस पोहोचेपर्यंत सांधे आखडू न देणे हे घरच्यांचे काम. फिजिओथेरपिस्टने दाखवलेल्या हालचाली रोज, रुग्णाला स्वतःला हात हलवता येत नसला तरी दुसऱ्या हाताने. बधिर बोटांनी गरम तवा, चहाचे पातेले, इस्त्री हाताळू नये. आंघोळीचे पाणी चांगल्या हाताने किंवा दुसऱ्या माणसाने बघावे. मधुमेही व्यक्तीचे तळपाय रोज रात्री कुणीतरी पाहावेत. ज्याला वेदना नाही, त्याला काटा रुतल्याचे कळत नाही.

कारण कळत नसताना अंगावर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा असेल, किंवा कोपरामागची नस जाड, दुखरी लागत असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. ती सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते आणि उपचारही मोफत मिळतात. कुष्ठरोगाचे जंतू श्वान पेशींतच घर करतात, म्हणजे तंतूची वाट तयार करणाऱ्या पेशीच बिघडतात. वेळेत औषध सुरू केले तर हात वाकडा होणे टळते. आणि हात-पाय अचानक, काही तासांत किंवा दिवसांत लुळे पडत असतील, कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा जात असेल किंवा दोन्ही मांड्यांच्या मधला भाग सुन्न होत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच दिवशी, मध्यरात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जा.